दिगूची गिरकी

यंदाही हळद शिजायला लागली आणि माझं डोकं उठलं. आमच्या डोंगरकडा गावाच्या शिवारात फाल्गुनाच्या सुमाराला जिकडं बघावं तिकडं वाफ दिसते. ट्रॅक्टरमागं ओढत मोठाल्या टाक्या आणतात, खाली जाळ घालतात आणि हळकुंडं वाफेवर शिजवतात. त्या वाफेला एक ओला, मातकट, जरासा गोडसर वास असतो. तो कपड्यांत शिरतो, चहात शिरतो, माझ्या स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यात शिरतो. लोक म्हणतात, लक्ष्मीचा वास आहे. असेल बापडा. मला मात्र तीन वर्षं झाली, त्या वासानं नुसता राग येतो, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही म्हणून मी गिऱ्हाइकांवर काढतो. परवा एका पोराचा फोटो काढताना म्हणालो, "सरळ बघ की लेका, फाशी देऊन नाही राहिलो तुला." पोरगं कावरंबावरं झालं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि फोटो पत्रिकेसाठी पाहिजे होता.

माझा धंदा लग्नाचं शूटिंग करायचा. आमच्याकडे हळदीचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम एकमेकांच्या पाठोपाठ, कधी कधी एकमेकांच्या अंगावरच येतात. सकाळी लोक खळ्यावर हळद पसरतात आणि दुपारी मांडवात तीच अंगाला फासतात. मी सगळं काढतो आणि घरी येऊन मिक्सिंग करतो, म्हणजे तुकडे जोडतो, वर गाणं टाकतो, कोपऱ्यातून बदामाच्या आकाराची फुलं सोडतो. माझ्या कॉम्प्युटरात प्रत्येक लग्नाचं एक फोल्डर असतं आणि त्याच्या पोटात साखरपुडा, हळद, लग्न, पाठवणी अशी चार पिल्लं. तीन वर्षांपूर्वी मी एक सिनेमा केला, तो असल्याच एका 'हळद' नावाच्या फोल्डरात लपवून ठेवला होता. दुसऱ्याच्या हळदीचं शूटिंग स्वतःहून कोण बघतं? ज्याची असते तोही बघत नाही.

सिनेमा म्हणताना माझी मलाच लाज वाटायची. अकरा मिनिटांचा. गोष्ट नाही, गाणं नाही, कुणाचा चेहरा नाही. पडद्यावर वाळणारी हळद आणि तिच्यावर आवाज. आवाज सात जणांचे. सातही आमच्याच जिल्ह्यातले, सातही लग्न झालेले, लेकराबाळांचे, आणि सातही जणांना बाया कधीच आवडल्या नव्हत्या. एक कंडक्टर, एक मास्तर, एक खताच्या दुकानात बसणारा, बाकीचे शेतकरी. ते कसे सापडले, असं मला पुढं शहरात विचारलं. त्यांतले चार तर मीच हुडकले होते, त्यांच्याच लग्नात. हार घालायच्या घाईगर्दीत नवरदेव क्षणभर कुणाकडं बघतो ते फक्त कॅमेऱ्यामागच्या माणसाला दिसतं. मिक्सिंग करताना तो क्षण मी गुपचूप कापून टाकत आलो. बारा वर्षं मी हेच करत आलो, लोकांची इज्जत राखत.

त्या सातांना मी एकच काम सांगितलं. तुमच्या लग्नाची पत्रिका काढा आणि मोबाइलवर वाचून पाठवा. बस्स. स्वतःबद्दल काही सांगू नका. आमचे येथे श्रीकृपेकरून, इथपासून ते आहेर आणू नयेपर्यंत. मास्तरानं प्रार्थनेसारखी वाचली. कंडक्टरनं गाडीतले थांबे सांगावेत तशी. खतवाला शेवटच्या ओळीपर्यंत नीट आला, आणि खाली पुतण्या-भाच्यांच्या नावानं छापलेलं असतं ना, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, तिथं तो अडकला. त्यानं ती ओळ चार वेळा वाचायचा प्रयत्न केला आणि मग शिवी देऊन फोन बंद केला. ती शिवी मी तशीच ठेवली. जिथं जिथं नावं येत होती तिथं तिथं मी पॉलिशच्या ढोलाचा खडखडाट टाकला. वाळलेली हळद त्या ढोलात घालून फिरवतात, तेव्हा शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. नावं त्याच्यात बुडाली.

आणि दिगू. दिगूचं नाव दिगू नाही. हे वाक्य लिहितानाच माझी कानशिलं तापतात. एवढ्या वर्षांनी, एवढं सगळं होऊन, मला त्याचं खरं नाव कागदावर टाकता येत नाही, आणि माझंही या लेखात खरं नसेल. तर दिगू. तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे वाचायला पत्रिका नव्हती. तो म्हणाला, "मंग मी काय करू?" मी म्हणालो, "तू हळद फिरव." वाळत घातलेली हळद दिवसातून दोनतीनदा खालीवर करावी लागते. ताडपत्रीवर अनवाणी उतरायचं आणि पाय ओढत ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, की मागं नांगरल्यासारख्या रेघा उमटतात. दिगू हे काम लहानपणापासून करायचा. हात पाठीमागं बांधायचे, मान थोडी खाली, आणि ओळीच्या शेवटी पोचला की सरळ मागं वळायचं सोडून तो उजव्या टाचेवर एक हलकी गिरकी घ्यायचा. नकळत. हळकुंडं टाचेखाली करकरायची. मला ती गिरकी इतकी आवडायची की मी कधीकधी नुसता ती बघायला त्याच्या खळ्यावर जायचो, दुपारच्या टळटळीत उन्हात, भाकरी खाऊन झाल्यावर. माझं त्याच्यावर प्रेम होतं. त्याचंही होतं, निदान त्या हंगामात होतं.

लहानपणी त्या गिरकीपायी त्यानं मार खाल्लेला. बाप म्हणायचा, नीट वळ, नाच्या हायेस का? मग तो लोकांसमोर नीट वळायला शिकला. चार माणसांत दिगू असा वळायचा जसा हवालदार वळतो. खळ्यावर एकटा असला, किंवा माझ्यासोबत असला, की टाच आपोआप फिरायची.

शूटिंगला आठ दिवस लागले. वर ऊन तापलेलं, खाली पिवळं, आणि मी ताडपत्रीच्या कडेला पोटावर पालथा. दिगूनं दस्तीनं तोंड बांधलं होतं. हळदीच्या धुळीनं नाक चोंदतं म्हणून सगळेच बांधतात, त्यात चोरी दिसत नाही. फक्त डोळे उघडे, तेही मी घेतले नव्हते. मी गुडघ्याच्या वर कॅमेरा फारसा नेलाच नाही, आणि नेला तेव्हा पाठीमागून. दिगू दर थोड्या वेळानं विचारायचा, "तोंड दिसून नाही राहिलं ना?"

"न्हाई रे बाबा."

"मंग काढ बिनधास्त."

इथं आमचं चुकलं. तोंड झाकलं म्हणजे माणूस झाकला, असं आम्हाला वाटलं. शहरातल्या कुठल्या पोराला वाटलं असतं तर मी समजू शकलो असतो. पण आम्ही खळ्यावर वाढलेले. आमच्याकडे मैलभरावरून चालत येणारा माणूस कोण आहे ते धोतराच्या हेलकाव्यावरून सांगतात. कुणाच्या घरची बाई विहिरीवर गेली ते बादलीच्या आवाजावरून सांगतात. हळदीतल्या रेघा बघून, आज तुमच्याकडं अमक्या मजुरानं हळद फिरवली का, असं विचारतात आणि ते बरोबर असतं. हे सगळं आम्हाला माहीत होतं आणि तरी आम्ही दस्तीवर भरवसा ठेवला. इतके कसे बावळट होतो आम्ही.

सिनेमा आम्ही दिगूच्याच शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहिला. भर दुपारी, कारण दुपारी तिकडं कुणी फिरकत नाही. दार लावलं, खिडकीला पोती टांगली, लग्नात वापरायचा माझा प्रोजेक्टर हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर ठेवला आणि समोर पांढरी चादर. सातांपैकी पाच जण आले होते. ते एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते, आणि सोयरीक बघायला आल्यासारखे अवघडून बसले होते. पत्र्याला भोकं होती, त्यांतून उन्हाचे रुपयाएवढे ठिपके चादरीवर पडलेले. सिनेमा सुरू झाला आणि दिगू त्या ठिपक्यांतून चालायला लागला. मागं मास्तरचा आवाज, सहकुटुंब सहपरिवार येऊन वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत. कंडक्टर स्वतःचा आवाज ऐकून आधी हसला आणि मग गुडघ्यात डोकं घालून बसला. कुणी कुणाला हात लावला नाही, पण सगळे जरा जवळ सरकले. माझ्या आयुष्यात मी केलेलं एकमेव बरं काम म्हणजे ती दुपार.

मध्येच दार ढकललं गेलं. दिगूची माय. गयामावशी म्हणतो मी तिला, खरं नाव तिचंही वेगळं आहे. ताडपत्री न्यायला आली होती. आम्ही सगळे जागच्या जागी गारठलो. प्रोजेक्टर बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. मावशी पोत्यांना टेकून उभी राहिली आणि उरलेलं सगळं तिनं बघितलं. शेवटी तिनं एवढंच म्हटलं, "हळद चांगली वाळली." ताडपत्री काखेत मारली आणि गेली. दार लागल्यावर आम्ही इतके हसलो की खतवाल्याला ठसका लागला. वाचलो, म्हणालो. तिला काय कळतंय, म्हणालो. तोंड तर बांधलेलं.

आठ दिवसांनी दिगू माझ्या स्टुडिओत आला. हातात पत्रिका. माझ्यासमोर टेबलावर टाकली आणि उभाच राहिला.

"मायनं वळखलं," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"त्याच दिवशी जेवायला वाढताना म्हनली, दिगू, तू अजून तसंच वळतूस. बस. दुसरं काही न्हाई."

"मग?"

"मग काय मग? एवढं बस न्हाई का? ती सांगन बापाला, बाप सांगन मामाला. दुसऱ्या दिवशी स्थळ आलं, मी व्हय म्हनलो." तो पत्रिकेकडं बोट करून म्हणाला, "वाचून दावू का? तुझ्या पिच्चरला कमी पडत असन तर."

मी त्याला नको नको ते बोललो. भित्रा म्हणालो, गांडू म्हणालो, आणि तो शब्द त्याच्यासाठी वापरणारा मी पहिला नव्हतो हे मला बोलून झाल्यावर लक्षात आलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "ते काढून टाक. मपला तुकडा तेवढा काढ. बाकी काय करायचं ते कर." मी नाही म्हणालो. तो खाली बसला, फरशीवर, माझ्या पायाशी, तिशीचा बाप्या, आणि म्हणाला, "संद्या, मला तकलीफ देऊ नको रे." मग मी कॉम्प्युटर चालू केला. त्याच्या डोळ्यांदेखत सव्वाचार मिनिटं पुसली. मूळ शूटिंग पुसलं, कार्ड पुसलं, पेन ड्राइव्हवरचं पुसलं, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. एक प्रत ठेवून घेता आली असती. लग्नवाल्यांच्या प्रती मी दहा दहा वर्षं ठेवतो. पण तेव्हा रागाच्या भरात मला वाटलं, जाऊ दे, जातोस तर पुरता जा. त्याच्या जागी मी नुसती हळद टाकली, त्याच ताडपत्रीवरची, माणूस उतरायच्या आधीची.

त्याचं लग्न मीच काढलं. नाही म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, काहून. हळदीत पाच बायांनी त्याच्या गालाला, दंडाला, पावलांना हळद लावली आणि मी जवळून घेतलं, नेहमी घेतो तसं. तो लाकडासारखा बसला होता. नवरी मात्र हसत होती. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. नवीन आयुष्य सुरू होताना जसं हसतात तशी ती हसत होती, आणि मी, सगळं ठाऊक असलेला मी, तिला म्हणत होतो, वहिनी, थोडं इकडं बघा, स्माईल. या सगळ्या गोष्टीत स्वतःवर सगळ्यात जास्त राग मला त्या वाक्यावरून येतो. दिगूनं निदान जीव वाचवायला खोटं केलं, मी तर धंद्याच्या सवयीनं केलं.

सिनेमा पुढं पुण्याला गेला. तिथं काही मंडळी असले सिनेमे गुपचूप दाखवतात, एका दुकानावरच्या खोलीत, फोनवरून पत्ता कळवून. मास्तरानं कुणाच्या तरी ओळखीनं पाठवला. मी गेलो, मागं बसलो, माझं नाव सांगायचं नाही अशी अट घालून. लोक मन लावून बघत होते, खोटं कशाला बोलू. संपल्यावर एक जाड चष्म्याचा गृहस्थ उठला आणि त्या रिकाम्या हळदीबद्दल बोलायला लागला. म्हणाला, इथं माणसाची अनुपस्थिती हीच प्रतिमा आहे. दिग्दर्शकानं जाणीवपूर्वक ती चौकट रिकामी ठेवली, हे फार धाडसाचं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. टाळ्या झाल्या. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की अहो शहाणे, तिथं माणूस होता. सहा फुटाचा माणूस होता, त्याला मी माझ्या हातानं पुसलाय, आणि तुम्ही त्या भोकाला टाळ्या वाजवून राहिलात. नाही बोललो. मी पण तोंड बांधूनच बसलो होतो ना. चहा प्यालो आणि बसनं परत आलो. तेव्हापासून एकही फ्रेम काढली नाही, लग्नं सोडून.

हे सगळं इतकं सविस्तर आठवायचं कारण म्हणजे परवा गयामावशी स्टुडिओत आली. कसल्याशा कागदाला फोटो पाहिजे म्हणाली. मी स्टूल दिला. ती बसली, पदर नीट केला, आणि फोटो काढून झाला तरी उठेना. मी विचारलं दिगू कसा आहे. म्हणाली, बरा आहे. हळदीत आता पाय घालत नाही, मजूर लावतो. सून दिवाळीपासून माहेरी आहे. येईल असं वाटत नाही.

मग म्हणाली, "संदीप, तो तुकडा हाय का?"

"कोणता तुकडा?"

"शेडमधला. मपलं लेकरू हळद फिरवून राहिलं व्हतं तो."

माझ्या हातातली कात्री टेबलावर पडली. मावशी बोलत राहिली. "लग्नाचं तू केलेलं ते मी चारदा बघितलं. तीन घंट्याचं. एकदाबी हसलं न्हाई लेकरू. मी थांबवून थांबवून बघितलं. अन् त्या पिच्चरात तोंड बांधलेलं व्हतं त्याचं, तरी मला दिसलं, ते हसून राहिलं म्हनून."

मला वाटलं होतं मी रडेन. उलट माझं टाळकंच सरकलं. मी त्या म्हाताऱ्या बाईवर ओरडलो. म्हणालो, मग तेव्हाच काहून नाही बोललात? एक वाक्य बोललात आणि पोरगं भ्यालं. तुम्हाला माहीत आहे का, त्या एका वाक्यावर त्यानं आयुष्य घालवलं. अन् एका परक्या पोरीचंही. रस्त्यावरचा चहावाला आत डोकावून गेला इतका माझा आवाज चढला होता.

ती घाबरली नाही. म्हणाली, "मला ते शब्द कुठं ठाव हायत? जे दिसलं ते बोलले. तू अजून तसंच वळतूस, म्हनले. इतक्या सालांनी त्याला तसं वळताना बघून मला बरं वाटलं व्हतं, म्हनून म्हनले. त्याला ते उलटं लागलं हे मला लई उशिरा कळलं."

"अन् सोयरीक ठरताना?"

"तवा कळत व्हतं. तवा गप बसले." तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "ते चुकलं. त्याचं काय ते मपल्या माथी."

मग मी तिला सांगितलं की तुकडा नाही. त्यानंच पुसायला लावला, मीच पुसला, काही उरलं नाही. तिला पटेना. ती कॉम्प्युटरकडं बोट दाखवून म्हणाली, त्यात सगळ्या गावाची लग्नं हायत, मपलंच एवढं काहून न्हाई? मी सिनेमा लावून तिला ती माणसाविनाची मोकळी हळद दाखवली. बाहेर कुणाचा तरी पॉलिशचा ढोल सुरू झाला होता.

मावशी उठली. मला वाटलं निघाली. तिनं चपला काढल्या आणि माझ्या त्या रंगवलेल्या पडद्यासमोर, जिथं नवरदेव उभे करतो तिथं, जाऊन उभी राहिली. हात पाठीमागं बांधले. चार पावलं पाय ओढत चालली आणि कडेला पोचल्यावर वळली. तोल गेला, भिंत धरली. "डाव्या टाचेवर व्हती का?" तिनं विचारलं.

"उजव्या," मी म्हणालो.

ती परत चालली. पुन्हा जमली नाही. तिसऱ्या वेळी तिनं मान थोडी खाली घातली, उजवी टाच रोवली, आणि ती फिरली. लुगड्याचा घोळ जरा उशिरा फिरला. गिरकी बराबर तीच होती. इतकी तीच होती की मला कळलं, ती दिगूला कुठून आली.

"तू काढ आता," मावशी दम घेत म्हणाली. "मपलं काढ. त्या मोकळ्या जागी लाव."

मी कॅमेऱ्याला बॅटरी घातली. राग अजून गेला नव्हता. पदर तिच्या डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता, म्हणून मी सवयीनं विचारलं, "मावशी, पदर तोंडावरून घेता का जरा? उद्या कुणी बघितलं तर."

तिनं पदर मागं सारून खोचला.

"तोंड बांधायचं न्हाई," ती म्हणाली.